सातमाळ्याची सरहद्द, १८२५ : एका ऐतिहासिक प्रेमकादंबरीच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

काळ पक्का केला. १८२५चा पावसाळा ते १८२६चा पावसाळा. जागा खानदेशाची दक्षिण कड: चाळीसगावचं मैदान, त्याच्या पाठीशी सातमाळ्याचे डोंगर, आणि उत्तरेला भिल्ल पलटणीचं ठाणं धरणगाव. ही सरहद्द कागदावरची नव्हती. डोंगराखाली कंपनी सरकारचा अंमल, वरच्या पठारावर निजामाचा. धाड घालून घाट चढून गेलं की खालच्या शिपायाचा हुकूम संपायचा.

पार्श्वभूमी आम्हाला नेमकी हवी, पण पहिल्या प्रकरणात ओतायची नाही. १८०२मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेनं खानदेश उजाड केला, लगेच १८०३-०४चा दुष्काळ आला. गावं ओस पडली, तशी गावराखणीच्या आणि घाटराखणीच्या हक्कांवर जगणाऱ्या भिल्लांची भाकरी तुटली. १८०४मध्ये पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण यानं कोपरगावला भिल्लांना विश्वासानं बोलावून कत्तल केली. १८१८मध्ये कंपनी आली ती या जमिनीवर. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं घाट अडवले, डोंगरात जाणारं धान्य तोडलं आणि भिल्ल टोळ्यांचे जे नायक, म्हणजे म्होरके, खाली उतरले त्यांना तैनाती (ठरीव रक्कम) बांधून दिली. तरी सात वर्षं धाडी आणि उलट धाडी चालूच राहिल्या. १८२५मध्ये धोरण बदललं: भिल्लांचीच पलटण उभारायची, आणि जे शिपाई होणार नाहीत त्यांना जमीन देऊन बसवायचं. पलटणीचं काम लेफ्टनंट जेम्स आउट्रमकडे आलं, जमिनीचं दक्षिणेकडचं काम कन्नड गावच्या एजन्सीकडे, म्हणजे कंपनीच्या भिल्लांसाठीच्या कचेरीकडे.

कथेतल्या म्हातारीच्या तोंडी 'कोपरगाव' एवढा एकच शब्द ठेवायचा. खुलासा पुढे, दुसऱ्या पात्राकडून.

९ जून

नायक-नायिका दोघंही भिल्ल. नावं शेवटी ठरवू, तोवर तो आणि ती.

तो भिल्ल पलटणीतला शिपाई. त्याच कंपनीच्या तुकडीची गोळी दोन वर्षांपूर्वी त्याच्या नडगीत बसली होती, आता तिचाच पगार खातो. ती विधवा. हट्टी, म्हणजे भिल्लांची वस्ती, जाळली गेली तेव्हा झोपडीतून धाकट्या भावाला ओढून काढताना तिचा उजवा हात भाजला. हट्टी कल्पित आहे, तिला खऱ्या गावाचं नाव द्यायचं नाही.

गोरा अधिकारी आणि डोंगरातली मुलगी ही जोडी सुरुवातीलाच बाद केली. त्या जोडीत सगळी ताकद एका बाजूला असते, मुलीला फक्त कृतज्ञ होण्याचं काम उरतं. जडीबुटी जाणणारी रानातली वैदीण हीसुद्धा नको. तिला औषधाचं ज्ञान इतरांइतकंच. या दोघांना जखम देणारा हात एकच आहे, आणि त्यातल्या एकानं त्या हाताखाली नोकरी धरली आहे. कादंबरीचा सगळा ताण इथे आहे, त्यासाठी वेगळा खलनायक लागत नाही.

१४ जून

त्याचा पाय. यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, कारण कथेचा वेग या जखमेवर ठरणार आहे.

कंपनीची बंदूक गुळगुळीत नळीची, चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीनं उडणारी. शिशाची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर जाड, वजनाला तीस ग्रॅमच्या आसपास. शंभर पावलांच्या पुढे नेम भरवशाचा नाही, पण लागली तर मऊ शिसं हाडावर पसरतं आणि हाडाचे तुकडे उडवतं. सोबत धोतराची चिंधी, धूळ, जे असेल ते आत घेऊन जातं. नडगीचं हाड कातडीच्या अगदी खाली, त्याच्यावर मांस नाहीच म्हणायला हरकत नाही. त्यामुळे तिथली जखम मांडीच्या जखमेसारखी भरत नाही.

पुढचा क्रम असा. पहिले दोन-तीन आठवडे ताप, सूज, पू. यातून माणूस वाचला तर वरून कातडी धरते आणि जखम बरी झाली असं वाटतं. आत मात्र हाडाचा एक तुकडा मेलेला असतो. शरीर त्याच्याभोवती नवं हाड बांधतं आणि मेलेला तुकडा आत कोंडला जातो. मग काही महिन्यांनी पाय दुखायला लागतो, रात्री जास्त. नडगी लाल होते, तापते, ताप चढतो. एके दिवशी बारीक तोंड पडतं आणि पू वाहतो. पू वाहिला की दुखणं एकदम उतरतं. तोंड आठवडे-महिने झिरपत राहतं, मिटतं, पुन्हा फुटतं. कधीतरी त्यातून हाडाची कपची बाहेर येते: पिवळट, खडबडीत, कडा कुरतडल्यासारख्या. सगळे मेलेले तुकडे निघाल्याशिवाय हे चक्र थांबत नाही, आणि ते वीस-वीस वर्षंही चालतं.

म्हणजे 'तिच्या शुश्रूषेनं तो बरा झाला' हे वाक्य या कादंबरीत येऊच शकत नाही. पाय तीनदा फुटेल असं धरलं आहे: भाद्रपदात, पौषात आणि वैशाखात. वैशाखात कपची निघते. मधल्या काळात तो चालतो, कवायत करतो, कोणाला सांगत नाही. वास लपत नाही. झिरपत्या हाडाचा वास चिंधी बदलली तरी राहतो, आणि ती त्याला ओळखते ती आधी वासावरून.

उपचार त्या काळाचेच. कडुनिंबाच्या पाल्याचं कढवलेलं पाणी, मध, तूप, स्वच्छ जुनेर. दुखण्यावर अफू, माळव्याची, सहज मिळणारी. पावसाळ्यात जखमेत किडे पडले तर सीताफळीच्या पाल्याचा लगदा, गुरांना लावतात तोच. सातमाळ्याच्या उतारांवर सीताफळी भरपूर. भूल देणारं औषध आणखी वीस वर्षं यायचं नाही. पलटणीच्या डॉक्टरकडे त्याला पाठवायचं नाही: तिथे पाय गुडघ्याखाली कापतील ही भीती खरी होती आणि ती त्याला गप्प ठेवायला पुरेशी आहे.

१८ जून

धरणगाव ते चाळीसगाव सरळ रेषेत पासष्ट किलोमीटरच्या वर, वाटेनं पंचाहत्तर-ऐंशी धरावेत. धडधाकट माणसाला दोन मोठ्या मजला, म्हणजे दोन दिवसांची चाल, त्याला चार. मध्ये गिरणा आडवी येते. श्रावण-भाद्रपदात तिला उतार मिळेलच असं नाही, म्हणून भाद्रपदातला निरोप दोन दिवस उशिरा पोचतो. हा उशीर कथानकात वापरायचा.

सध्याच्या घाटरस्त्याची वळणं डोळ्यांसमोर ठेवून प्रवास लिहू नये. तेव्हाची वाट बैलांच्या तांड्यांची: उभी चढण, गोटे, अधूनमधून झिरपा.

२३ जून

तिचा हात. उजव्या तळव्याची आणि करंगळी-अनामिकेची आतली कातडी खोलवर भाजलेली. अशी जखम कडेनं भरत येते आणि भरताना आखडते. बोटं पसरून बांधून ठेवली नाहीत तर तीन ते सहा महिन्यांत ती तळव्याकडे ओढली जातात आणि तशीच घट्ट होतात. ती रानात पळत होती, बांधणार कोण. दोन वर्षांनी चित्र असं आहे: शेवटची दोन बोटं तळव्याला टेकलेली, मधलं अर्धं वाकलेलं, अंगठा आणि तर्जनी चालतात. वणाची कातडी चकचकीत, पातळ, घाम न येणारी. थंडीत भेगा पडतात, उन्हाळ्यात खाज सुटते.

काय जमतं आणि काय नाही, यावरून तिचे सगळे प्रसंग तपासायचे. जात्याचा खुंटा तिला धरता येतो, उलट आकडीसारखी बोटं त्यात नीट अडकतात. बादलीची नव्हे, हंड्याच्या गळ्याला बांधलेल्या दोराची पकड जमते. विळा डाव्या हातात. भाकरी मात्र थापता येत नाही. त्याला उघडा, सपाट पंजा लागतो. म्हणून ती कण्या शिजवते, घुगऱ्या करते, आणि कोणी भाकरी मागितली की विषय बदलते. हे वाचकाला सांगायचं नाही. तीन वेळा कण्या येऊ द्यायच्या, चौथ्या वेळी तो स्वतः पीठ मळायला बसेल. पुरुषानं चुलीपाशी बसणं यात काय आहे ते त्या वस्तीत सगळ्यांना कळतं. मिठीच्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग जड आहे आणि त्याला दोन पानं द्यायला हवीत.

एक धोका: वणाचं वर्णन करताना भाषा हळवी होते. 'करपलेलं फूल' वगैरे एकदाही नको. कातडी आखडते, भेगाळते, खाजते. क्रियापदं पुरतात.

१ जुलै

वर्षाचा हिशेब भिंतीवर लावला.

मार्गशीर्ष ते वैशाख मोहिमांचा काळ. वाटा कोरड्या, नद्यांना उतार, पानगळीनंतर रानात लांबचं दिसतं. ज्येष्ठाच्या अखेरीपासून पाऊस. चकमकीच्या बंदुकीची दारू ओली झाली की बार उडत नाही, तोफगाडे चिखलात रुततात, म्हणून कंपनीच्या हालचाली मंदावतात. आश्विन-कार्तिकात पाऊस थांबतो पण हिवतापाचा जोर असतो. डोंगराच्या पायथ्याला उतरलेल्या तुकड्या गोळीपेक्षा तापानं जास्त झिजत.

म्हणून दोघांची जवळीक पावसाळ्यातच वाढवायची. वातावरणनिर्मितीसाठी पाऊस हवा असं नाही. पावसाळ्यात त्याला कोणावर चालून जायचा हुकूम नसतो. पौषात हुकूम येतो आणि आधी जमलेलं सगळं पणाला लागतं. पौषात पाय फुटतो तोही याच आठवड्यात.

८ जुलै

सगळ्यात नाजूक जागा. आउट्रमनं पलटण उभी केली तीच मुळी कैद्यांपासून. पहिल्या धाडीत पकडलेल्यांपैकी काहींना सोडून त्यांच्याकरवी इतरांच्या नातलगांना निरोप धाडला, मग सगळ्यांना मोकळं करण्याचं वचन दिलं, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. आमची नायिका अशाच निरोप्यांपैकी. म्हणजे कथेच्या सुरुवातीला ती कैदेत आहे आणि तो पहाऱ्यावर असू शकतो.

तो पहाऱ्यावर नसेल, हे ठरवलं. पहारेकरी आणि कैदी यांच्यात जे होतं त्याला प्रेम म्हणता येत नाही, कारण नाही म्हणायची सोय एकीकडे नसते. ती सुटल्यावर, आपल्या माणसांत परत गेल्यावर, निरोपाचं उत्तर घेऊन तो तिच्या वस्तीवर येतो. तिथे तो एकटा, लंगडा, कंपनीचा माणूस, आणि भोवती तिचे लोक. नाही म्हणायची सोय तिच्याकडे असते आणि ती पहिल्यांदा नाहीच म्हणते.

याच नियमानं: अफूच्या गुंगीत किंवा मोहाच्या दारूच्या भरात या दोघांत काहीही घडणार नाही. दारू सणाला, देवाला, सोयरिकीला असतेच. ती बाजूला ठेवून घडेल ते घडेल.

१५ जुलै

अडथळा कसला? जात एकच, समाज विधवेला दुसरं घर करू देतो, विधी थोडक्यात उरकतो. मग शंभर पानं पुढे कशानं ढकलायची? उत्तर दिरात आहे. भिल्लांत विधवेवर धाकट्या दिराचा पहिला हक्क मानत. तिनं दुसरीकडे घर केलं तर नव्या नवऱ्यानं आधीच्या घराला भरपाई द्यायची. दीर वाईट माणूस नाही. भाऊ मेला, हट्टी गेली, गुरं गेली, वहिनीही जाणार. त्यानं भरपाई मागितली तर ती न्यायाचीच आहे.

भरपाई रोख हवी आणि रोख फक्त पलटणीच्या पगारात आहे. तिला त्या पैशातलं काही नको. त्या पैशाशिवाय ती मोकळी होत नाही. हा पेच मूळ घटनांतून आपोआप येतो, म्हणून तो टिकेल असं वाटतं.

पैशाची बाजू नीट लिहायची. १८३५पर्यंत कंपनीचा एकसारखा रुपया नव्हता. खानदेशात चांदवडी रुपया चाले, शिवाय इतर टांकसाळींचे. एक रुपया दुसऱ्यात बदलताना सराफ बट्टा कापतो, झिजलेल्या नाण्याला आणखी कापतो. दिरानं मोजून मागितलेली रक्कम आणि याच्या हातात आलेली रक्कम यांत फरक पडतो तो इथे. सराफाला लबाड दाखवायची गरज नाही. बट्टा रिवाजाचाच होता, फक्त रिवाज न कळणाऱ्याला तो लुटीसारखाच वाटतो.

१६ जुलै

वस्तू. काडेपेटी नाही, चकमक आणि गारगोटी. रॉकेल नाही, तेलाची पणती किंवा नुसती शेकोटी. चहा नाही. बटाटा-टोमॅटो नाही, मिरची चालते. घड्याळ फक्त साहेबाच्या तंबूत, बाकीच्यांना पहर आणि सावली. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं पेटणारी, बंदूक रात्री लपून वापरता येत नाही, जळत्या तोड्याचा ठिपका आणि वास दोन्ही कळतात: पौषातल्या रात्रीला उपयोगी.

झाडं: अंजन, साग, सालई, धावडा, खैर, पळस, टेंभुर्णी. साल वृक्ष इकडे नाही, त्याचं जंगल लिहू नये.

२४ जुलै

संवाद. दोघं एकमेकांना 'तू'च म्हणतील. म्हातारीला 'डोकरी', तीही तू. 'तुम्ही' फक्त पलटणीच्या जमादाराला आणि साहेबाला. नवरा-बायको झाल्यावरही ती त्याला 'अहो' म्हणणार नाही.

मूळ बोली भिलोरी, बाजारात अहिराणी, कचेरीत मोडीतली मराठी. सगळं अहिराणीत लिहिलं तर कथा बोलीच्या प्रदर्शनात अडकते, आणि प्रमाण मराठीत सपाट केलं तर डोंगर नाहीसा होतो. सध्याचा मार्ग: वाक्यं छोटी, संस्कृत शब्द वर्ज्य, नातीगोती आणि रानातल्या वस्तूंची नावं बोलीतली. 'भावना', 'वेदना', 'अस्तित्व' हे तीन शब्द संवादांत कुठेही सापडले तर ते वाक्य पुन्हा लिहायचं. पाय दुखतो, हात खाजतो, झोप येत नाही, एवढ्यावर माणसं बोलत असतात.

दोघांनी आपापल्या जखमेची गोष्ट एका रात्रीत एकमेकांना सांगून टाकण्याचा प्रसंग प्रेमकादंबरीत हटकून येतो. इथे तो ठेवलेला नाही. गोळी कोणत्या तुकडीची हे तिला बाजारात तिसऱ्याकडून कळतं. हात कसा भाजला हे त्याला तिचा धाकटा भाऊ सांगतो, तोही भांडताना.

२ ऑगस्ट

मोहफुलांचं प्रकरण, फाल्गुन-चैत्र. हे मनाजोगतं उतरतंय.

मोहाची फुलं रात्री गळायला लागतात, पहाटे सडा असतो. उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर हरणं, गुरं, अस्वल संपवतात. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून, पुष्कळदा जाळून, जमीन साफ करतात म्हणजे पिवळसर फुलं उठून दिसतात. फूल रसरशीत, चिकट, आंबूस-गोड वासाचं. अंगठा आणि तर्जनीनं एकेक उचलायचं, ओंजळ भरली की टोपलीत. नंतर उन्हात पसरून वाळवायची. वाळली की मनुकांसारखी लालसर होतात.

तिची ओंजळ होत नाही. ती उजव्या हाताच्या दोन बोटांनी वेचते आणि वाकलेल्या बोटांच्या खोबणीत साठवते, सात-आठ मावतात, मग डाव्या हातानं तिथून काढून टोपलीत. इतर बायकांपेक्षा मागे पडते म्हणून सगळ्यांच्या आधी, अंधारात येते. त्याला उकिडवं बसता येत नाही, घोटा ताठ आहे. तो एक पाय लांब पसरून जमिनीवर बसून सरकत वेचतो. पाचोळा पेटवायचा असतो तेव्हा ती दूर उभी राहते आणि तो काही न विचारता आग लावायचं काम स्वतःकडे घेतो. प्रसंगात एवढंच घडतं. अस्वलाचा हल्ला घालण्याचा मोह टाळला.

११ ऑगस्ट

आउट्रम किती दाखवायचा? १८२५मध्ये तो २२ वर्षांचा. वाघांच्या शिकारीत पायी घुसणारा, भिल्लांसोबत बसून खाणारा-पिणारा, धाडसानं त्यांची मनं जिंकणारा. हे खरं आहे. पुढे ज्यांना शब्द दिला त्यांच्याच वस्त्यांवर आधी पहाटे चाल करून जाणाराही तोच, हेही खरं आहे. दोन्ही एकाच प्रकरणात ठेवायचं. शिपायाला साहेब आवडतो, त्याच्या शिकारीच्या गोष्टी तो रंगवून सांगतो, आणि ऐकणारी गप्प राहते. साहेब स्वतः तीनपेक्षा जास्त प्रसंगांत नको आणि दोघांच्या लग्नाला त्याची मदत नको. त्यानं एक रुपया जरी काढून दिला तरी पुस्तक त्याचं होऊन बसेल.

१९ ऑगस्ट

शेवट. वैशाखात कपची निघते, पाय झिरपायचा थांबतो, पण आता तो लपवण्यापलीकडे लंगडतो आणि पलटणीच्या कामाचा राहत नाही. पगार बंद. भरपाईचे शेवटचे रुपये बाकीच असतात आणि ती उरलेल्या रकमेबद्दल दिराशी स्वतः बोलते: सुगीनंतर धान्यात. दीर मान्य करतो, वेळ घेऊन.

जमीन कन्नडच्या एजन्सीकडून. बैल आणि बियाणं यांसाठी तगाई, म्हणजे कर्जच. शिवाय नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, शेजारच्या नायकानं धाड घातली तर जाबही द्यायचा. दोघं कंपनीपासून सुटत नाहीत आणि तसं भासवायचं नाही. जमीन दोन पिढ्या पडीक, तरवडीनं भरलेली, पहिल्या वर्षी अर्धीही साफ होत नाही.

शेवटचा प्रसंग पेरणीचा, बाजरी. पाभरीला, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या अवजाराला, दोन माणसं लागतात: एक बैल हाकून पाभर दाबून धरणारा, दुसरा चाड्यात, म्हणजे वरच्या वाटीत, बी सोडणारा. चाड्यातून बी नळ्यांत, नळ्यांतून फणांमागे मातीत. बी एका लयीत सोडावं लागतं. मूठ एकदम सैल सुटली तर एका जागी दाट रोपं, पुढे खाडे. बाजरीचं बी बारीक, ते दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर नीट उगवत नाही, म्हणून पाभर दाबायचीही बेतानं. लंगडणाऱ्याच्या पावलागणिक पाभर एका अंगाला झुकते आणि फण खोल-उथळ जातात. बी ती डाव्या हातानं सोडेल. मूठ त्याच्या पावलाबरोबर सुटावी म्हणून ती त्याच्या खांद्याकडे बघत चालेल, आणि तो बैलांना तिच्या मुठीच्या वेगानं हाकेल. तासं वाकडी पडतीलच.

या प्रसंगाचं टाचण तयार आहे. उरलेलं काम: जुनी लाकडी पाभर चालवलेल्या माणसाकडून दांडी, फण, नळ्या, चाडं यांची जागा आणि दोघांमधलं अंतर तपासून घेणं, ओल्या जमिनीत नळी मातीनं बुजली तर ती चालू पाभरीवर कशी मोकळी करतात हे विचारणं, आणि पौषातली रात्र पंचांगावर लावून त्या रात्री चंद्र किती वाजता उगवतो ते काढणं. तोड्याचा ठिपका दिसायचा तर चंद्र पहाटेपर्यंत नको.